सीपी/एमची फ्लॉपी जपताना: सेक्टर-प्रत की फ्लक्स-प्रत?

सीपी/एम या जुन्या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकेरी घनतेच्या आठ इंची फ्लॉपीची सेक्टर-प्रत, म्हणजे तिच्यावरील फक्त वाचलेल्या डेटाची प्रत: 77 ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे), प्रत्येकी 26 सेक्टर (पट्ट्याचे तुकडे) आणि सेक्टरमागे 128 बाइट, अशी 2,56,256 बाइटांची आटोपशीर फाइल. ती कुणालाही सहज पाठवता येते आणि एम्युलेटरमध्ये (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) लगेच चालते. मात्र खराब सेक्टरच्या जागी नेमके काय होते, हे तिच्यातून कळत नाही. फ्लक्स-प्रत फ्लॉपीवरील चुंबकीय बदलांमधील कालांतरेच नोंदवते, त्यामुळे फाइल कितीतरी पटींनी फुगते; परंतु फ्लॉपीचा तपकिरी चुंबकीय थर ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटून सुटू लागला, की दुसऱ्या वाचनाची संधी मिळेलच असे नाही. माझ्या मते, आधी फ्लक्स-प्रत घ्यावी आणि वाटपासाठी तिच्यातूनच सेक्टर-प्रत काढावी. सीपी/एमच्या वाटपातील कायदेशीर संदिग्धता 2022 मधील परवाना-स्पष्टीकरणाने बरीचशी दूर झालीच आहे.