रेगेन्सबुर्ग : सहल कंपन्यांच्या यादीत नसलेले जर्मन शहर

मुंबईतून निघणाऱ्या युरोप सहलींत जर्मनीच्या वाट्याला सहसा ब्लॅक फॉरेस्टमधील कुकू घड्याळे, कोलोनचे कॅथेड्रल आणि जमल्यास म्युनिकमधील अर्धा दिवस एवढेच येते. आम्ही दौरा स्वतः आखून डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबुर्गला मुक्काम केला. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला बव्हेरिया या जर्मन राज्यात एकाच शहरासाठी सवड असेल, तर त्याने म्युनिकऐवजी हे शहर निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुख्य कारण असे, की येथे जुने म्हणून जे दाखवले जाते ते खरोखरच जुने आहे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकीत अनेक जर्मन शहरांचे गाभे बेचिराख झाले आणि आज पर्यटक पाहतात ती बरीचशी पुनर्बांधणी असते. रेगेन्सबुर्गच्या विमान कारखान्यावर १९४३ मध्ये मोठा हल्ला झाला, परंतु मध्ययुगीन वस्ती बव्हंशी वाचली आणि २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाली. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडल्यावर ‘फोर्ट’ हे नाव तेवढे उरले. येथे मात्र इ.स. १७९ मध्ये पूर्ण झालेल्या रोमन छावणीच्या दरवाजाची कमान नंतरच्या इमारतीच्या भिंतीत सामावलेली असून रस्त्यावरून जाता जाता, तिकीट न काढता पाहता येते. डॅन्यूबवरचा दगडी पूलही ११३५ ते ११४६ या काळातला. १९४५ च्या एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याचा काही भाग उडवून दिला होता. आता पूल दुरुस्त झाला असून त्यावर मोटारींना बंदी आहे, त्यामुळे मुलांना घेऊन निर्धास्त फिरता येते.

सर्वाधिक वेळ मात्र जुन्या नगरभवनासाठी ठेवावा. पवित्र रोमन साम्राज्याची (प्राचीन रोमची नव्हे, तर अनेक जर्मन संस्थानांना एका सम्राटाखाली आणणाऱ्या साम्राज्याची) कायमस्वरूपी संसद १६६३ पासून १८०६ पर्यंत येथेच भरत असे. तिचे सभागृह मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते आणि इंग्रजीतील फेऱ्या जर्मनपेक्षा कमी असल्याने वेळ आधी विचारून घ्यावी. सभागृह पाहून पहिल्यांदा थोडी निराशाच होते, कारण आपल्या डोळ्यांसमोर राजवाड्याचा थाट असतो आणि येथे लाकडी छत, साधी बाके आणि भिंतीवरचे पडदे दिसतात. मग मार्गदर्शक आसनांच्या पायऱ्यांकडे लक्ष वेधतो : सम्राटाचे आसन सर्वांत उंच, त्याखाली त्याला निवडून देणारे इलेक्टर, त्याहून खाली इतर राजेरजवाडे. कोणाचा मान किती, हे पायऱ्यांवरून ठरत होते, आणि मानपानाचे वाद येथेही चुकले नव्हते. खालच्या मजल्यावर कैद्यांचा छळ करून जबानी घेण्याची खोली आहे. मार्गदर्शकाने ती भडक न करता, कायद्याचा भाग म्हणून समजावली, हे मला आवडले. तरी लहान मुलांना तेथे नेऊ नये.

आपल्याकडे शाळेत ज्यांचे ग्रहगतीचे नियम पाठ करून घेतात, ते योहानेस केपलर १६३० मध्ये याच गावात वारले. सरकारदरबारी अडकलेले पैसे मागायला ते आले होते. त्यांचे दफनस्थान त्या काळी युरोपात चाललेल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त नष्ट झाले. ज्या घरात ते वारले ते घर मात्र उभे आहे. कॅथेड्रलमधील मध्ययुगीन रंगीत काचा सकाळच्या उन्हात पाहाव्यात, एवढे सांगून पुढे जातो.

पुलाच्या पायथ्याशी ‘वुर्स्टकुखल’ हे प्रसिद्ध सॉसेजचे दुकान आहे. कोळशावर भाजलेली बोटाएवढी सॉसेजे, आंबवलेली कोबी आणि गोडसर मोहरीची चटणी एवढाच मुख्य पदार्थ. चव उत्तम, पण गर्दीमुळे बसायला जागा मिळेपर्यंत बराच वेळ उभे राहावे लागते. सॉसेजे डुकराच्या मांसाची असतात, हे आधीच सांगितलेले बरे. शाकाहारी मंडळींना गावात चीज घातलेले श्पेट्झले (नूडल्ससारखा प्रकार) किंवा व्हॅनिलाच्या सॉसमध्ये वाढलेले डाम्फनूडल (वाफवलेला पावासारखा गोळा) यांवर भागवावे लागते. दोन्ही पोटभरीचे आहेत, मात्र तिखटाची सवय असलेल्या जिभेला दुसऱ्या दिवशी लोणच्याची आठवण होते. बॅगेत छोटी बरणी असावी.

उणिवाही आहेत. गोट्या-दगडांच्या रस्त्यांवर चाकांच्या बॅगा ओढणे त्रासाचे होते आणि गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांची दमछाक होते, म्हणून हॉटेल स्थानक आणि जुने शहर यांच्या मधल्या भागात घ्यावे. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा दूध, पाव, फळे शनिवारीच आणून ठेवावीत.

पोहोचणे सोपे आहे. मुंबईहून म्युनिकपर्यंत थेट विमान मिळते आणि म्युनिकहून रेल्वेने साधारण दीड तास लागतो. चार-पाच जण असतील, तर ‘बायर्न तिकीट’ (बव्हेरियातील रेल्वेचे एका दिवसाचे तिकीट) काढावे. ते पाच जणांपर्यंत एकत्र चालते, मात्र कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच आणि फक्त प्रादेशिक गाड्यांना. घाईने समोरच्या वेगवान गाडीत चढल्यास ते ग्राह्य धरले जात नाही.