पिलाटेस क्लास: कोणी लावावा, कोणी थांबावं

दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरत असेल ना, तर पिलाटेस या व्यायामप्रकाराचा क्लास नक्की लावा, मी लावलाय आणि मला जाम आवडलाय. जोसेफ पिलाटेस या जर्मन माणसाने पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या छावणीत कैदेत असताना हे बसवायला घेतलं, आणि सगळा भर पोट, कंबर, ओटीपोटाच्या आतल्या स्नायूंवर, म्हणजे हालचाल हळू, श्वासाबरोबर आणि पूर्ण ताब्यात. दिसायला सोप्पं वाटतं पण एकच हालचाल दहा वेळा केली की पोट थरथरायला लागतं!! रिफॉर्मर मशीनला (सरकत्या पाटाचं, पलंगासारखं यंत्र) स्प्रिंग असतात, त्यांचा ताण कमी-जास्त करता येतो म्हणून नवख्यांना आणि वयस्कर लोकांनाही जमतं, मॅटवर उलट आपलंच वजन उचलायचं, ते मला जास्त अवघड गेलं. बसण्या-उभं राहण्याची ढब आणि तोल खरंच सुधारतो. फक्त वजन उतरवायचं असेल तर मात्र याच्या भरवशावर राहू नका, चालणं-पळणं जोडीला हवंच. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकायचे प्रकार टाळायचे, आणि बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारूनच. ट्रेनर छोट्या बॅचचा बघा, कारण पोझ चुकली की सगळा ताण मानेवर येतो.