गिझरची जुनी लाइन: जीआयच ठेवायची की सीपीव्हीसी करायची?

इमारत सत्तर-ऐंशीच्या दशकातली असेल तर भिंतीत जीआयचीच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाची लाइन आहे, हे वेगळं सांगायला नको. थंड पाण्याची बाजू बरीच वर्षं काढते, खरी रड गरम बाजूची. पाणी तापलं की क्षार लवकर बसतात. त्यात आमच्याकडे उन्हाळ्यात खडकवासल्याच्या पाण्यात बोअरचं आणि टँकरचं मिसळतं, मग विचारूच नका. गिझरखालचा एल्बो (काटकोनी जोड) काढला तेव्हा अर्ध्या इंचाच्या पाइपातून पेन्सिलही धड जाईना. जस्ताचा मुलामा आतून केव्हाच गेलेला, नुसता गंजाचा थर.

सडलेले तुकडे काढून पुन्हा जीआयच बसवायचं, की या निमित्ताने सीपीव्हीसीवर, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपावर जायचं? घरी दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितोय.

जीआयच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. धक्का लागो, ऊन लागो, त्याला फरक पडत नाही. एल्बो, निपल (आट्यांचा छोटा तुकडा), युनियन (पाइप न फिरवता उघडता येणारा जोड) पुण्याच्या बोहरी आळीत कुठेही मिळतात आणि जुन्या आट्यांना नवे आटे बसतात, मध्ये अडॅप्टरची भानगड नाही. घेतलात तर निळ्या पट्ट्याचा बी क्लास घ्या. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास स्वस्त पडतो खरा, पण अर्ध्या इंचात त्याची जाडी 2 मिलिमीटर आणि बीची 2.6. त्यावर आटे पाडल्यावर उरतं किती? पाइप सडतो तोही बहुतेक वेळा आट्यापाशीच.

मला नको नको झालं ते वेगळ्याच गोष्टीने. जीआयच्या तुकड्याला दोन्ही टोकांना आटे असतात, त्यामुळे मधला तुकडा एकीकडून सोडवायला गेलं की दुसरीकडे आवळला जातो. म्हणून लाइनीत कुठेतरी युनियन हवं. जुन्या कामात ते एकतर नसतंच, नाहीतर नेमकं फरशीच्या मागे असतं. आमच्या प्लंबरने बाहेरच्या एल्बोला पाइप पाना लावला. आट्यांवर गळती रोखायला लावलेला सफेदा-धागा (पांढरी लुकण आणि सूत) वाळून दगड झालेला, एल्बो हलायला तयार नाही. त्याने पान्याच्या दांड्यात पाइपाचा एक लांब तुकडा अडकवला आणि अंगाचा भार टाकला. कट्ट आवाज झाला, एल्बो फिरला, सगळ्यांना हायसं वाटलं. प्रत्यक्षात फिरला होता तो भिंतीतला पुढचा जोड. थोड्या दिवसांनी पलीकडच्या खोलीत कपाटामागे रंगाचे पोपडे सुटले. तो जोड धरायला फरशी फोडली, तर त्या हादऱ्याने त्याच्या पुढचा सैल. यात प्लंबरचंही चुकलंच, एल्बो फिरवताना मागचा पाइप दुसऱ्या पान्याने धरून ठेवायला हवा होता. पण एकाला हात लावला की शेजारचा बोंबलतो, हे काही मला झेपलं नाही.

सीपीव्हीसीत ही कटकटच नाही. हवं तिथे कापा, कडा घासा, सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्राव) लावा, पाव वळसा देऊन आत सारा आणि जरा वेळ दाबून धरा. शेजारच्या जोडाला कळतही नाही. चिकटवलेला एल्बो पुन्हा वापरता येत नाही, कापून टाकावा लागतो, पण त्याची किंमत ती काय!

त्याचीही नाटकं आहेत. ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही, आणि जुन्या घरात मेन कॉक पूर्ण बंद होत नाही, थेंब थेंब चालूच. म्हणजे गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करणं आलं आणि त्याच लाइनीवरच्या शेजाऱ्यांची मनधरणीही आली. शिवाय हा पाइप तापला की लोखंडाच्या जवळपास पाचपट वाढतो. 3 मीटरचा सरळ पाइप 40 अंशांनी तापला तर सात-आठ मिलिमीटर लांबतो, तेव्हा क्लॅम्प गच्च आवळू देऊ नका.

गरम पाण्याने वितळेल ही भीती मात्र सोडा. सीपीव्हीसी 93 अंशांपर्यंतच्या पाण्याला चालतो, घरचा गिझर तिथवर जात नाही. दुकानदाराने पांढरा पीव्हीसी पुढे केला तर परत करा, तो साठाच्या पुढे टिकत नाही. गरम लाइनीला एसडीआर 11 मागा (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरापट; आकडा लहान तितका पाइप जाड). जुन्या जीआयला जोडताना पितळी आट्यांचाच अडॅप्टर घ्या आणि त्यावर टेफलॉन टेपच वापरा, सफेदा नको. गिझरच्या तोंडाशीही थेट प्लास्टिक नको, एखादा धातूचा निपल किंवा जाळीची पाइप मध्ये असू द्या.

सोसायटीचा सोलर असेल तर गच्चीवरच्या भागाला मी तरी जीआयच सुचवेन. मे महिन्यात तिथलं पाणी किती तापेल याचा नेम नाही आणि उघड्या उन्हात सीपीव्हीसी कालांतराने ठिसूळ होतो. एखादाच एल्बो गळतोय, जवळच युनियन दिसतंय आणि बाकीचा पाइप ठणठणीत आहे, असं असेल तरीही उगाच सगळी लाइन काढू नका. पण पाना लावल्यावर एल्बोबरोबर पाइपही फिरताना दिसला, तर तिथेच थांबवा. करवत मागवा.

आम्ही नवी लाइन भिंतीत न गाडता छताच्या कडेने बाहेरून घेतली. घरच्यांना अजूनही ती डोळ्यात खुपते. तुम्हाला गाडायचीच असेल तर सोल्युशन पूर्ण वाळू द्या, मग लाइन भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी प्रत्येक जोडाखालून कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवा. फरशीवाल्याला त्यानंतरच फोन करा, तो आदल्या दिवशी येतो म्हणाला तरी.