सेस्ना की डायमंड? आधी पेडलकडे बघा

माझी भाची बारावीनंतर कमर्शियल पायलट व्हायचं ठरवून बसली आहे. मागच्या रविवारी ती दोन प्रशिक्षण संस्थांची माहितीपत्रकं घेऊन आमच्याकडे, लोकमान्य नगरला आली. फी जवळपास सारखी, उड्डाणाचे तास दोन्हीकडे २००. फरक फक्त विमानांचा. एकीकडे सेस्ना १७२, दुसरीकडे डायमंड डीए ४०. "मावशी, ग्लास कॉकपिट कुणाचं चांगलं?" हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, काट्यांच्या डायलऐवजी माहिती दाखवणारे पडदे (स्क्रीन) दोन्हीकडे आहेत, ते महिन्याभरात अंगवळणी पडतील. तू खाली बघ. पेडल, ब्रेक आणि पुढचं चाक. इंदूरमधली आणखीही मुलं आणि त्यांचे आईवडील हाच विचार करत असतील, म्हणून तिला सांगितलं ते इथे लिहिते.

सेस्नाचं पुढचं चाक पेडलला स्प्रिंगने जोडलेलं असतं. उजवं पेडल दाबलं की चाक उजवीकडे वळतं, पण साधारण १० अंशच. त्याहून जास्त वळायचं तर त्या बाजूचा ब्रेक द्यायचा, मग ते ३० अंशांपर्यंत जातं. विमान हवेत गेलं आणि पुढचा स्ट्रट, म्हणजे चाकाचा दबणारा खांब, पूर्ण लांबला की हे चाक आपोआप सरळ होऊन बसतं. आडव्या वाऱ्यात पेडल दाबून उतरलात तरी टेकताना चाक वाकडं नसतं. जुन्या पायपर चेरोकीत चाकाची जोडणी थेट आहे. तिथे पुढचं चाक टेकवण्याआधी पाय सरळ करायचं लक्षात ठेवावं लागतं. नवशिक्यासाठी सेस्नाची ही सोय मोठी आहे.

डीए ४० मध्ये पुढच्या चाकाचा पेडलशी काही संबंधच नाही. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं हवं तिकडे फिरतं, तसं ते मोकळं फिरतं. विमान वळवायचं तर पेडलच्या वरच्या टोकाला पायाच्या बोटांनी डावा किंवा उजवा ब्रेक द्यायचा. वेग वाढला, शेपटीवर हवा जोराने येऊ लागली की मग रडर, म्हणजे पेडलने वळणारी शेपटीची उभी पट्टी, काम करतं. अडचण हळू टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेताना येते. वारा शेपटीला ढकलतो, नाक वाऱ्याकडे वळू बघतं, आणि ते सरळ ठेवायला एकाच बाजूच्या ब्रेकवर पाय पुन्हा पुन्हा जातो.

अशा चाकाच्या विमानावर मी पहिल्यांदा बसले तेव्हा लांबलचक टॅक्सीवेवर डावा ब्रेक जवळजवळ धरूनच ठेवला होता. इंजिन तपासायला थांबलो तेव्हा ब्रेकचा वास येत होता. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते, आणि टेकऑफ अर्ध्यात सोडायची वेळ आली तर थांबायला तेच लागतात. आम्ही उड्डाण रद्द करून परत फिरलो. त्यानंतर दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा, ही सवय मी पायांना मुद्दाम लावून घेतली.

उतरताना मात्र याच मोकळ्या चाकाचा फायदा होतो. विमान किंचित तिरकं टेकलं तरी पुढचं चाक ज्या दिशेला विमान चाललंय तिकडे स्वतःहून वळतं, ओढाताण करत नाही.

आपल्या इंदूरचा हिशेब यात धरायला हवा. धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम, त्यामुळे पावसाळ्यातला पश्चिमेचा, नैऋत्येचा वारा बहुतेक वेळा समोरून किंवा थोडासा कडेने येतो. आडव्या वाऱ्यापेक्षा मे महिन्याचं ऊन जास्त महत्त्वाचं. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंच. तापमान ४२ अंशांवर गेलं की विरळ हवेमुळे विमान पाच हजार फुटांहून अधिक उंचीवर असल्यासारखं वागतं. वेगदर्शकावर ६० नॉट दिसत असतात तेव्हा खरा वेग ६५ च्या आसपास असतो. वाऱ्याची मदत नसेल तर ब्रेकना जवळपास १७ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. म्हणून डीए ४० शिकवणाऱ्या संस्थेला ब्रेकचे पॅड किती दिवसांनी बदलता, हे विचारायला अजिबात लाजू नका.

स्टिक (उभी दांडी) की योक (गाडीच्या स्टिअरिंगसारखं हँडल), यावर मुलं तासन्‌तास बोलतात. डीए ४० ला स्टिक आहे, सेस्नाला योक. पुढे एअरबस उडवायची म्हणून स्टिकवर शिकायचं, हे मला पटत नाही. एअरबसची साइडस्टिक संगणकाला आज्ञा देते, तिचं काम वेगळं. आणि इंडिगोत एअरबसबरोबर एटीआर ही पंख्यांची छोटी विमानंही आहेत, त्यांना योकच आहे.

आता टेलव्हील, म्हणजे पुढे चाक नसून शेपटीखाली छोटं चाक असलेली विमानं. मी शिकले पुष्पकवर, बंगळुरूच्या एचएएल या विमान कारखान्याने १९५८ मध्ये पहिल्यांदा उडवलेलं दोन आसनांचं विमान. त्याआधीचं डॉ. व्ही. एम. घाटगे यांचं एचटी-२ सुद्धा टेलव्हीलचंच. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा वळलं की मागचं वजन पुढे जायला बघतं आणि वळण आणखी वाढतं. पुढे चाक असलेल्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, त्यामुळे तेच वळण आपोआप कमी होतं. म्हणून टेलव्हीलवर विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय जागे ठेवावे लागतात. पूर्ण प्रशिक्षण अशा विमानावर करायची आज गरज नाही. पण लायसन्सनंतर पाचदहा तास कुठे मिळाले तर घ्याच, असं मी भाचीला अगदी आग्रहाने सांगितलं.

पायांचं काम काढूनच टाकायचे प्रयत्नही झाले आहेत. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३० च्या दशकात 'पू-द्यू-सिएल', म्हणजे 'आकाशातली ऊ', हे विमान केलं. एलेरॉन, म्हणजे विमान कडेला कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या, नाहीत, पेडल नाहीत. स्टिक पुढेमागे केली की पुढचा पंख कलायचा, बाजूला केली की रडर वळायचं. खूप खाली नाक गेल्यावर दोन पंखांमधला प्रवाह असा बिघडायचा की स्टिक ओढूनही ते वर येत नसे. माणसं गेली, आणि १९३६ मध्ये पूर्ण आकाराचं विमान पवनबोगद्यात ठेवून तपासल्यावर हा दोष नीट कळला.

अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी अर्कूप जास्त विचाराने केलं. १९३७ मध्ये ते उडालं. रडर एलेरॉनला जोडलेलं, नाक वरखाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीला, एलेव्हेटरला, वर जायला मर्यादा, त्यामुळे ते स्पिनमध्ये जात नसे, म्हणजे गरगरत खाली पडत नसे. १९४० च्या प्रमाणपत्रात तशी नोंदच झाली. आडव्या वाऱ्यात ते तिरकंच उतरवायचं, मजबूत चाकं त्याला सरळ करतात. जन्मतः दोन्ही हात नसलेल्या जेसिका कॉक्स यांनी २००८ मध्ये याच विमानावर लायसन्स मिळवलं: एक पाय योकवर, दुसरा इंजिनचा जोर कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलवर. पेडल नसल्यामुळेच त्यांचे दोन्ही पाय हातांच्या कामाला मोकळे राहिले. मला हे विमान म्हणूनच फार आवडतं, पण पहिले २०० तास त्यावर करू नयेत. जी सवय ते विमान लावत नाही, ती पुढे प्रत्येक विमानात लागते.

पेडल आणि चाकांच्या आणखी दोन वेगळ्या तऱ्हा. बर्ट रुटान यांचं लाँग-ईझी घरी विमान बांधणाऱ्यांसाठीचं. त्याची दोन रडरं फक्त बाहेरच वळतात. दोन्ही पेडल एकदम दाबली की ती हवेत ब्रेकचं काम करतात. उतरून बाहेर पडताना पुढचं चाक दुमडून त्याला नाकावर बसवतात, नाहीतर वैमानिकाचं वजन गेल्यावर ते मागे कलतं. युरोपा या ब्रिटिश विमानाच्या पहिल्या आवृत्तीत एकच मोठं मुख्य चाक आहे, आणि चाक व फ्लॅप (उतरताना खाली येणाऱ्या पंखांच्या मागच्या पट्ट्या) एकाच दांड्याने चालतात.

भाचीसाठी माझा कल डीए ४० कडे आहे, संस्था ब्रेक वापरायला नीट शिकवत असेल तरच. नाहीतर सेस्ना. पण तिची उंची पाच फूट एक इंच. डीए ४० मध्ये आसन जागेवरच राहतं, पेडल पुढेमागे होतात; सेस्नात आसन रुळांवर सरकतं आणि ते पक्कं अडकलंय ना, हे दर वेळी हलवून बघावं लागतं. म्हणून पैसे भरण्याआधी दोन्ही विमानांत बसून बघ, असं तिला सांगितलंय. पाठ टेकलेली, टाच जमिनीवर, आणि बोटांनी दोन्ही ब्रेक पूर्ण तळापर्यंत. शनिवारी ती जाणार आहे, मीही सोबत जातेय.