सर्व्हो रोल फीडर, अकरा महिन्यांनंतर: एन्कोडर केबलवर पैसे वाचवू नका

भोसरीतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये 750 वॉटचा सर्व्हो रोल फीडर, म्हणजे प्रेसच्या दर स्ट्रोकला (ठोक्याला) रोलरनं पत्र्याची पट्टी मोजून पुढे सरकवणारं मशीन, लागून अकरा महिने झाले. सहाव्या महिन्यात त्यानं साडेतीन दिवस प्रेस उभी केली, म्हणून हे लिहितोय.

काम चोख करतो. हवेवर चालणाऱ्या एअर फीडरवर पिच (दर स्ट्रोकला पट्टी किती सरकते ते अंतर) बदलायची म्हणजे स्टॉपर सरकवा, पट्ट्या स्क्रॅपमध्ये घाला. आता स्क्रीनवर आकडा टाकला की झालं. एन्कोडर म्हणजे मोटारीचा शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर. डीलर बॅटरीवाला ॲब्सोल्यूट एन्कोडर (लाइट गेली तरी जागा लक्षात ठेवणारा) आणि ब्रेकवाली मोटार गळ्यात मारत होता. दोन्ही नको म्हटलं, ते बरोबरच होतं. फीडर दर स्ट्रोकला शून्यापासून मोजतो, मग लाइट गेल्यावर आधीची जागा लक्षात ठेवून करायचं काय? ब्रेक लागतो तो उभ्या ॲक्सिसला, जिथं लाइट जाताच वजन खाली येतं. आमचे रोलर आडवे.

पण त्याच झपाट्यात कंपनीची एन्कोडर केबलही नाकारली आणि बाहेर बनवलेली घेतली. 1,700 रुपये वाचले.

सुरुवातीला ओव्हरव्होल्टेजचा अलार्म यायचा, तेव्हा ड्राइव्हच (मोटार चालवणारा कंट्रोलर) हलका आहे असं ठरवून टाकलं होतं. ते मत मागे घेतो. 230 व्होल्ट एसी ड्राइव्हच्या आत रेक्टिफाय होऊन, म्हणजे डीसी बनून, तिथल्या डीसी लाइनवर (डीसी बसवर) सव्वातीनशेच्या आसपास बसतं. मोटार झटक्यात थांबवली की ती जनरेटर होते आणि बसचं व्होल्टेज वर चढतं. बाहेरून रीजन रेझिस्टर (ती जास्तीची वीज उष्णता करून जिरवणारा) जोडला, अलार्म गेला.

मग सहाव्या महिन्यात एन्कोडर अलार्म. कधी तासानं, कधी दहा मिनिटांनी. सर्व्हिसवाल्यानं फोनवरच सांगितलं, एन्कोडर गेला, मोटार बदला. एन्कोडर मोटारीच्या मागच्या टोपीत असतो, तो जागेवर उघडून दुरुस्त होत नाही, हे खरं. पण केबल तपासायला कुणी आलं नाही, याचा राग आजही आहे. चौथ्या दिवशी शेजारच्या शॉपमधून तसलीच कंपनीची केबल आणून लावली. दुपारपर्यंत एकदाही अलार्म नाही.

आमची केबल उघडली, तर शील्ड (बाहेरचा इलेक्ट्रिकल गोंगाट सिग्नलपासून अडवणारी तारांभोवतीची धातूची जाळी) कनेक्टरच्या बॉडीला जोडलेलीच नव्हती, पिळून टेप मारलेली. वर आम्हीच ती मोटारच्या पॉवर केबलला टाय मारून बांधली होती. ड्राइव्हमधले आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक पॉवर स्विच) डीसी बसचं व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून त्या पॉवर केबलमध्ये सोडतात, आणि शेजारून 5 व्होल्टचा नाजूक सिग्नल चाललाय. त्यात प्रेसचे हादरे.

आता कंपनीची केबल आहे, पॉवर केबलपासून वेगळ्या पाइपातून नेलेली. पाच महिन्यांत तो अलार्म नाही. रोलरवर तेल चढलं की पिच अजूनही कमी येते, कारण एन्कोडर शाफ्ट किती फिरला ते मोजतो, पत्रा किती सरकला ते त्याला कळत नाही. म्हणून रोज सकाळी पहिल्या स्ट्रोकआधी रोलर पुसून घेतो.