पिल्लू सोबत नेऊन केलेली खरेदी: दिवाळीपासून आषाढापर्यंत वापरून

आमच्या गोटीचं, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाचं, जे सामान तिला दुकानात सोबत नेऊन घेतलं, त्यातलं जवळपास सगळं आजही वापरात आहे. जे तिच्याशिवाय घरात आलं, भेट म्हणून किंवा कुरिअरने, त्यातलं बरंचसं माळ्यावर पडलंय. दिवाळीनंतर ती आमच्याकडे आली तेव्हा दोन महिन्यांची होती. आता आषाढ लागलाय, तिची उंची जवळपास भरली आहे, आणि थंडी, नागपूरचा उन्हाळा, पावसाची सुरुवात असं सगळं या सामानाने पाहून झालंय. म्हणून आता लिहायला बसले.

गोटी देशी आहे, आमच्या प्रतापनगरच्या गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू. हे मुद्दाम सांगते, कारण सगळा प्रश्न मापाचा आहे. पाकिटावरच्या तक्त्यात लॅब्राडोर, बीगल, पग अशी नावं असतात. देशी कुत्र्याची छाती खोल, कंबर बारीक, पाय लांब आणि डोकं मानेच्या मानाने निमुळतं. मानेला नीट बसलेला पट्टा कानांवरून निघून येतो आणि पोटाला बसलेला हार्नेस, म्हणजे छाती-पोटाभोवती घालायचा पट्टा, बगलेत काचतो. भाचीने पुण्याहून फार प्रेमाने हार्नेस पाठवला होता, वजनाच्या तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर. गोटी दोन पावलं मागे सरकली की त्यातून बाहेर! घरात झालं म्हणून ठीक, रस्त्यावर झालं असतं तर पोरगी गाडीखाली गेली असती.

धरमपेठेतल्या ज्या दुकानात आम्ही जातो, तिथल्या मुलाने हार्नेस घ्यायला गेलो तेव्हाच सांगितलं, ‘काकू, तक्ता नका पाहू. अंगावर टाकून पाहा, अन् थोडं चालवून पाहा.’ त्याने काउंटरवर स्वच्छ टॉवेल अंथरला, गोटीला त्यावर उभं केलं आणि एकामागून एक तीन हार्नेस घालून दाखवले. पहिला उभी असताना छान दिसला, पण ती बसली तसा मानेकडे सरकून गळ्यावर आला. दुसऱ्याचा पोटाचा पट्टा पुढच्या पायाच्या कोपराला लागत होता. तिसरा समोरून वाय आकाराचा होता, छातीच्या मधल्या हाडावर बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा. तो घातल्यावर ती चालली, बसली, अंग झटकलं, आणि लगेच टॉवेलचा वास घ्यायला लागली. आधीच्या दोन्ही वेळी ती जागच्या जागी थिजली होती. पिल्लाला काय टोचतंय हे असं समोर दिसतं, आणि ते कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

हार्नेस सातशेच्या आसपास पडला. चार ठिकाणी सैल-घट्ट करता येत असल्यामुळे होळीपर्यंत पुरला, मग त्याच प्रकारचा पुढच्या मापाचा घेतला, तोही तिला नेऊनच. घेताना पाहायच्या गोष्टी अशा: पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत, तिसरं जाऊ नये. पोटाचा पट्टा कोपरापासून दोन-तीन बोटं मागे असावा. लीश (फिरवायची दोरी) अडकवायची कडी धातूची असावी आणि तिच्याभोवतीची शिवण दुहेरी असावी. सगळ्यात महत्त्वाचं, दुकानातच लीश लावून समोरून हलकेच ओढावं आणि पिल्लाला मागे सरकू द्यावं. घाबरलेलं पिल्लू नेहमी मागेच सरकतं. त्यातून डोकं सुटलं तर तो हार्नेस कितीही सुंदर असो, घेऊ नका.

आता यातला अवघड भाग. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला दुकानात नेणं म्हणजे पार्व्होचा, पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराचा, धोका. त्याचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि जमिनीवर कित्येक महिने जिवंत राहतो. साध्या फिनाइलने तो मरेलच असं नाही. आधी जागा स्वच्छ धुऊन मग तीस पट पाण्यात मिसळलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवावं लागतं, आणि कुठलं दुकान रोज हे करतं? बुटाच्या तळव्याला लागूनही तो घरात येऊ शकतो. त्यात पिल्लाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती असते, ती कमी होत जाते, पण असेपर्यंत लसीचाही परिणाम होऊ देत नाही. ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून एक डोस देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्यावे लागतात. अँटी रेबीज साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर.

तर मग सोळा आठवडे पिल्लू घरातच ठेवावं का? मला हे पटत नाही, आणि आमच्या डॉक्टरांनाही पटलं नाही. पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. गर्दी, हॉर्न, हेल्मेट घातलेली माणसं, काठी टेकत चालणारे आजोबा, शटरचा खडखडाट, हे सगळं त्या काळात शांतपणे दिसलं-ऐकलं तर पुढे त्याची भीती बसत नाही. लस पूर्ण होण्याची वाट पाहिली तर नेमका हाच काळ निघून जातो. आमच्या गल्लीत पाच महिन्यांपर्यंत गच्चीवरच वाढलेला एक देखणा कुत्रा आहे, अजूनही स्कूटर दिसली की थरथरतो. त्याला पाहून फार वाईट वाटतं.

दोन्ही सांभाळणारी वस्तू म्हणजे गळ्यात अडकवायची झोळीची बॅग, ज्याला दुकानात स्लिंग म्हणतात. पहिला डोस झाल्यावर आठवडाभर थांबलो आणि मग गोटी या झोळीतून बाहेर पडू लागली. नियम एकच होता: पाय जमिनीला लावायचे नाहीत. दुकानाच्या फरशीवर नाही, दवाखान्याच्या बाकावर नाही, फुटपाथवर तर नाहीच. ज्या दुकानात पिल्लं विकायलाही ठेवतात, तिथे आम्ही त्या काळात पाऊलच टाकलं नाही, कारण वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली पिल्लं एकत्र ठेवली की आजार तिथूनच पसरतो. (आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू दुकानातून विकायला २०१८ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. कुणी त्याहून लहान देत असेल तर तिथून बाकी सामानही घेऊ नका.)

झोळीबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त वापर तिचाच झाला. जाड सुती कापड, तळाला काढता येणारी कडक पाटी, आणि आत एक छोटी हूक. ही हूक हार्नेसला लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. उडी मारली तर फास बसतो. लेक ॲक्टिव्हा चालवायची आणि मी मागे बसून झोळी दोघींच्या मध्ये घ्यायचे, गोटीचं तोंड बाहेर, माझा एक हात तिच्या छातीवर. वजन सहा किलोच्या पुढे गेल्यावर माझा खांदा दुखायला लागला आणि तिथे झोळीचा उपयोग संपला. तेवढ्या काळात ती इतक्यांदा धुतली, तरी शिवण उसवली नाही. नायलॉनची घेऊ नका; नागपुरात संक्रांत झाली की दुपारी आत उकडायला लागतं.

दुकानात कधी जायचं यालाही महत्त्व आहे. रविवारी संध्याकाळी धरमपेठ किंवा सीताबर्डीला पिल्लू नेणं म्हणजे त्याला त्रास देणं. आम्ही आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुकान उघडल्या उघडल्या जायचो. पहिल्या वेळी तर काही घेतलंच नाही. दाराबाहेर उभं राहून उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे भरवले आणि घरी आलो. लोक प्रेमाने हात लावायला येतात, त्यांना स्पष्ट सांगावं लागतं, ‘दादा, लस बाकी आहे, लांबूनच बोला तिच्याशी.’ कुणालाही राग येत नाही. लहान मुलं तर उलट इतकी मनापासून ऐकतात की शेजारच्या मोठ्यांनाच ती गप्प करतात.

खेळण्यांच्या बाबतीत पिल्लाची निवड पाहण्यासारखी असते, पण निर्णय आपलाच हवा. गोटीला दोऱ्यांचा गुंता असलेलं खेळणं फार आवडलं होतं, ते मी घेतलं नाही; दोरे तुटून पोटात गेले तर आतड्यात अडकतात. दाबल्यावर चूं चूं करणाऱ्याला ती घाबरली, तेही ठेवून दिलं. रबराचं पोकळ खेळणं घेतलं, ज्यात दही-भात किंवा केळं भरून गोठवता येतं. ते आजही रोज वापरात आहे. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के दात येतात, तेव्हा पिल्लू जे सापडेल ते चावतं, आणि त्या काळात या एका खेळण्याने आमचा सोफा वाचवला. दोन गोष्टी तपासा: खेळण्यावर नख दाबलं तर थोडं रुतलं पाहिजे, नाहीतर दात तुटतो, आणि ते पिल्लाच्या जबड्यात मागे जाईल इतकं लहान नको. कातड्याची पांढरी हाडं मी कुणालाच सुचवणार नाही. फुगून घशात अडकतात.

भांडी, बिछाना, ब्रश यांसाठी पिल्लू न्यायची गरज नाही. घरातली स्टीलची जड वाटी पुरते. खाण्यासाठीही नाही, फक्त मोठ्या पोत्यातून काढून दिलेलं सुटं खाणं टाळा. त्यावर तारीख नसते आणि उघडं राहिलं की त्यातलं तेल खवट होतं.

मार्चच्या शेवटापासून गोटीला दुकानात नेणं आम्ही बंद केलं. ज्या शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, तिथे उन्हाळ्यात ‘पाच मिनिटांचं काम आहे’ हे वाक्य कुत्र्यासमोर उच्चारूच नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून ते अंग थंड ठेवतं. बंद कारमध्ये दहा मिनिटांत दहाएक अंश वाढतात, काच थोडी खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. आणि आपले सिमेंटचे रस्ते संध्याकाळी सातलाही तापलेले असतात. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा, चटका बसला तर पंजालाही बसणारच. या महिन्यांत काही हवं असेल तर शिवणकामाची टेप घेऊन मान, छातीचा सर्वांत रुंद भाग आणि पाठ मोजून एकट्याने जावं.

याच काळात घेतलेली जेलची गार चटई मला पटली नाही. पहिला तासभर थंड, मग खोलीइतकीच गरम, आणि चावणाऱ्या पिल्लाने फाडली तर आतला जेल तोंडात. त्यापेक्षा कूलरसमोर ओलं पोतं अंथरलं, त्यावर ती आपणहून जाऊन लोळायची.

आता पावसात पुन्हा तिला नेतोय, कारण गोचीड. गोचिडाच्या गोळ्या आणि मानेवर टाकायचे थेंब वजनाच्या टप्प्याप्रमाणे असतात आणि वाढत्या पिल्लाचं वजन महिन्यात टप्पा ओलांडतं. काउंटरवरून अंदाजाने घेऊ नका. आधी दवाखान्यात वजन करून डॉक्टरांकडून औषध लिहून घ्या, मग दुकान. पश्चिम नागपुरातल्यांना सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. तिथून निघालो की गोटी आता स्वतःच्या पायांनी दुकानात शिरते, काउंटरसमोर बसते आणि त्या मुलाकडे पाहत राहते. नवा पट्टा गळ्यात घालताना ती मान पुढे करते. पुढची खरेदी जाळीच्या मुस्क्याची आहे, दवाखान्यात कधी गरज पडलीच तर आधीपासून सवय असावी म्हणून. त्यात तिला तोंड उघडून धापा टाकता यायला हव्यात, पाणी पिता यायला हवं, आणि हे तिच्या तोंडावर लावून पाहिल्याशिवाय मी पैसे देणार नाही.