गुटी कलमाचे प्लॅस्टिक गोळे : एक पावसाळा वापरून झाल्यावर

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. ऑक्टोबरअखेर घरं रिकामी करायची होती आणि कंपाउंडच्या भिंतीशी सासूबाईंनी लावलेला अनंत उभा होता. ३१ वर्षांचं झाड, मुळं पार्किंगच्या काँक्रीटखाली गेलेली. मुळासकट काढणं शक्यच नव्हतं. झाड गेलं तरी त्याचीच रोपं हवीत, एवढं मनात पक्कं होतं, म्हणून गुटी कलमाचे, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडायचे, हे गोळे जूनमध्ये ऑनलाइन मागवले. मधल्या आकाराच्या, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटरच्या, १० गोळ्यांचा संच ३५० रुपयांना पडला.

दोन अर्ध्या वाट्या, मध्ये बिजागरी, बाजूला खटके आणि फांदी जायला वर-खाली भोकं. आत ओलं मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भरायचं, साल काढलेल्या जागी गोळा बसवायचा आणि खटके दाबायचे. मुळ्या फुटल्या की गोळ्याखाली फांदी कापली, झालं रोप.

आठ गोळे अनंताला लावले, दोन जास्वंदीला. अनंताच्याच आणखी दोन फांद्यांना मुद्दाम जुन्या पद्धतीने मॉस, प्लॅस्टिकचा कागद आणि सुतळी बांधली. माझे मामा सांगोल्याकडे डाळिंबाच्या गुट्या बांधायचे, लहानपणी सुट्टीत ते पाहिलेलं. त्यांचा हात एका गुटीला दोन मिनिटं घेत नसे. मला गोळा लावायलाच पाच मिनिटं लागली, पण कागद-सुतळीला पंधरा. नवख्या हाताला, तेही स्टुलावर उभं राहून एकटीने बांधायचं तर गोळा नक्कीच सोपा.

पण खरं काम गोळा करत नाही, चाकू करतो. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर पेराच्या जरा खाली दोन गोल काप घ्यायचे, मध्ये अंतर दोन ते अडीच सेंटिमीटर, आणि तेवढी सालीची अंगठी सोलून काढायची. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते या अंगठीच्या वरच्या काठाशी अडतं. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढत राहतं, म्हणून फांदी सुकत नाही. साल निघाल्यावर खालचं लाकूड बोटाला बुळबुळीत लागतं. ते बुळबुळीत चाकूच्या पाठीने खरवडून कोरडं, खरखरीत करायचं. माझ्या दोन फांद्यांवर पाऊस आला म्हणून घाई झाली आणि हे राहिलं. दीड महिन्याने गोळे उघडले तर वरची साल खालच्या सालीला पुन्हा जोडली गेलेली, मुळाचा पत्ता नाही. संचासोबत आलेल्या कागदावर खरवडण्याबद्दल एक शब्द नव्हता, याचा मला राग आहे. ज्याला गुटी माहीत नाही, तो यात हमखास चुकणार.

रूटिंग पावडर वेगळी घेतली, आयबीए म्हणजे मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक असलेली. ती अंगठीच्या वरच्या काठाला बोटाने लावायची, कारण मुळ्या तिथूनच येतात.

आता गोळ्याचा सगळ्यात मोठा गुण. उघडून बघता येतं. २६व्या दिवशी एक उघडला तर वरच्या काठावर चुरमुऱ्यासारखे पांढरे फुगवटे आले होते. ४१व्या दिवशी मॉसमधून चार पांढऱ्या मुळ्या बाहेर डोकावत होत्या, शेवयांएवढ्या बारीक. मी तिथेच उभी राहून नवऱ्याला हाक मारली. कागदाची गुटी अशी सोडून बघायची सोय नाही. आणि पावसाने आठवडाभर उघडीप दिली तेव्हा वरच्या भोकातून सुई काढलेल्या सिरिंजने पाणी घालता आलं.

तक्रारी आहेत. दहापैकी तिघांचे खटके पहिल्याच उघडझापीत तुटले, मग शेवटी सुतळीच बांधली. भोक बारीक फांदीला सैल पडतं, फांदी आत हलते आणि नवी मुळं दुखावतात. मी सुती कापडाची पट्टी गुंडाळून ते बुजवलं. ओल्या मॉसने गोळा जड होतो, एक फांदी वाऱ्यात मोडलीच. तेव्हापासून प्रत्येक गोळा वरच्या जाड फांदीला टांगून बांधला. पारदर्शक असल्यामुळे उन्हाच्या बाजूच्या गोळ्यांत हिरवं शेवाळ धरलं, त्यांना जुन्या चादरीचे तुकडे गुंडाळावे लागले. काळे मिळाले तर काळे घ्या, मात्र तेही सावलीच्या बाजूला लावा, उन्हात तापतात.

हिशेब असा : अनंताच्या आठपैकी पाच लागले. कागदाच्या दोन्ही गुट्या लागल्या. म्हणजे मुळं फुटण्यात गोळा सरस आहे असं मी म्हणणार नाही. जास्वंदीची दोन्ही महिन्याभरात तयार झाली, पण तिथे गोळा वाया घालवू नका. जास्वंद, तगर यांची चार पेरांची फाटे कलमं पावसाळ्यात कुंडीत खोचली तरी येतात. मोगऱ्याची लांब फांदी वाकवून, पेराखाली छोटी खाच घेऊन मातीत दाबा आणि वर वीट ठेवा. दाब कलमाला पैसा लागत नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, मुळं पांढऱ्याची तपकिरी व्हायला लागल्यावर अनंताच्या फांद्या कापल्या. निम्मी पानं काढली, मॉस न सोडवता कुंडीत लावल्या आणि दोन आठवडे सावलीत वर प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवल्या. सातही जगल्या. दोन नणंदेकडे नाशिकला गेल्या, बाकीच्या भाड्याच्या घराच्या गॅलरीत आहेत.

पाचपैकी साडेतीन तारे. कमी केलेले दीड खटक्यांसाठी आणि त्या अपुऱ्या कागदासाठी. धड राहिलेले सात गोळे धुऊन, वाळवून ठेवलेत. भावाच्या दारात डाळिंब आहे, पुढच्या जूनमध्ये त्याला लावीन.